मोतीचा हट्ट

आमचा मोती हा स्पिट्झ जातीचा, जेमतेम पाच किलो वजनाचा कुत्रा. गेल्या दिवाळीनंतर एके सकाळी त्याने ताटलीतले अन्न तसेच टाकले. "खा रे पुता," म्हणून आईने त्याला आळविले आणि भातावर हुमणाचा रस घालण्यास ती निघाली. धाकट्याने बिस्किट पुढे केले. माझ्या शिक्षकी डोळ्यांना मात्र त्यात फाजील लाड तेवढे दिसले. मी शिस्त जाहीर केली: ताटली वीस मिनिटे ठेवावयाची, मग उचलावयाची, अधेमधे काही द्यावयाचे नाही.

शिस्त वाईट नव्हती. दिवसभर खाऊवर पोसलेल्या निरोगी कुत्र्याला ती लागूही पडते. एवढ्याशा देहाला दोन बिस्किटे म्हणजे लहानसे जेवणच. परंतु मोती दर वेळी धावत येई, वास घेई, घास उचली आणि खाली टाकी. हे मी पाहत होतो. त्याचा अर्थ मात्र मला कळला नाही. दुसऱ्या दिवशी सायंकाळी तो ताटलीपाशी बसून नुसता माझ्याकडे पाहू लागला, तेव्हा माझा धीर सुटला.

पशुवैद्यांनी त्याचा ओठ वर केला. दाढेवर तपकिरी किटण चढले होते, हिरडी लाल झाली होती आणि दाढ हलत होती. लहान कुत्र्यांच्या जबड्यात दातांची दाटी होते. त्यामुळे हे दुखणे त्यांना अधिक जडते. "भूक आहे, पण चावता येत नाही," ते म्हणाले. "एवढ्या लहान जिवाने दिवसभर अन्न घेतले नाही, तर वाट पाहू नये." भूल देऊन दाढ काढावी लागली.

पुढे काही दिवस हाडे काढलेली उकडलेली कोंबडी, मऊ भात आणि थोडा लाल भोपळा, मिठावाचून, थोडे थोडे देत होतो. अन्न कोमट केले की त्याचा वास दरवळतो, आणि कुत्रा आधी नाकानेच जेवतो. हुमण मात्र बंद झाले. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. द्राक्षे व मनुका मूत्रपिंडांना घातक, चॉकलेट विषारी आणि शिजविलेले हाड फुटून टोकदार होणारे. जखम भरल्यावर कुत्र्यांसाठी असलेला समतोल आहार पुन्हा सुरू केला. नुसत्या कोंबडी-भातातून पुरेसे कॅल्शियम मिळत नाही.

मोती आता ताटली चाटूनपुसून ठेवतो. वर्गात एखादा मुलगा प्रश्न ऐकतो, ओठ उघडतो आणि गप्पच राहतो. पूर्वी मी त्याला हट्टी ठरवून मोकळा होत असे. हल्ली तास संपल्यावर त्याला जवळ बोलावतो आणि हळूच विचारतो, "बाळ, अडते कोठे?"