छत्तीस फोटो आणि एक डोंगर

वेरूळला जायचे ते मंगळवार सोडून, आणि फोटो काढायचे असतील तर दुपारपर्यंत थांबायची तयारी ठेवून. पहिली सूचना पुरातत्त्व खात्याची. मंगळवारी लेणी बंद असतात. दुसरी साक्षात सूर्यनारायणाची. वेरूळच्या चौतीस लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे आहेत. त्यामुळे सकाळी नऊलाच जाऊन धडकणारा उत्साही प्रवासी डोंगराच्या सावलीत उभा राहतो आणि काळसर दगडावरची काळसर नक्षी डोळे बारीक करून पाहतो. तीननंतर मात्र उन्हे कलतात, लेण्यांच्या ओसरीत शिरतात आणि बाराशे-तेराशे वर्षांची मंडळी एकेक करून उजेडात येऊन बसतात.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे निघालो : आई, सौभाग्यवती, तेरा वर्षांची कन्या आणि मी. पाचवा प्रवासी माझ्या गळ्यात होता. तो म्हणजे माझ्या वडिलांचा, दादांचा, पेंटॅक्स के-१००० कॅमेरा. दादांनी तो १९८३ साली आखातातून येणाऱ्या एका स्नेह्याकरवी मागवला. योगायोगाने त्याच वर्षी वेरूळचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि १९८४च्या हिवाळ्यात दादांनी नव्या कॅमेऱ्याचा पहिला मोठा प्रवास याच डोंगराला केला. दादा २०१६ साली गेले. कॅमेरा आणि त्यांची एक लांबट वही माझ्याकडे आली.

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ तीस किलोमीटरच्या आसपास. वाटेत देवगिरीचा किल्ला लागतो, मग घाट, मग खुलताबाद. गाडीत कन्येने विचारले, “बाबा, फोन असताना हे वजन कशाला?” प्रश्न रास्त होता. भिंगासकट हे यंत्र पाऊण किलोच्या पुढे भरते.

त्याचे उत्तर कॅमेऱ्याच्या पोटातच आहे. आमच्या आजोबांच्या पिढीच्या साध्या पेटी-कॅमेऱ्यात पाहण्याची खिडकी वेगळी आणि फोटो काढणारे भिंग वेगळे असे. डोळा एक पाही, फिल्म दुसरेच काही. या जातीच्या कॅमेऱ्यात भिंगामागे पंचेचाळीस अंशांत एक आरसा बसवलेला असतो. भिंगातून आलेले चित्र त्यावरून वर जाते, डोक्यावरच्या काचेच्या लोलकात सरळ होते आणि आपल्या डोळ्यापर्यंत पोचते. म्हणजे जे फिल्मला दिसणार तेच आपल्याला दिसते. कळ दाबली की आरसा टपकन वर उचलला जातो, पडदा उघडतो, मिटतो, आणि आरसा पुन्हा जागेवर. आरसा असा आपोआप खाली येण्याची सोय या कंपनीने १९५४ सालीच केली होती. के-१००० हे त्याच घराण्यातले गरिबाघरचे लेकरू. १९७६ साली ते बाजारात आले आणि १९९७पर्यंत, म्हणजे वीसेक वर्षे, तसेच्या तसे बनत राहिले.

यात एक गंमत आहे. आरसा वर गेला की डोळ्यापुढे क्षणभर काळोख होतो. म्हणजे जो क्षण आपण टिपला, नेमका तोच आपण पाहिलेला नसतो! आणि रोल धुऊन येईपर्यंत, आठ-पंधरा दिवस, तो पाहायलाही मिळत नाही.

कैलास लेण्यापुढे आम्ही पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे काम उभे राहिले असे मानतात. ‘उभे राहिले’ हा शब्द इथे चुकीचाच. ते वरून खाली उतरले. आधी शिखर, मग पाया. अंगण पावणेतीनशे फूट लांब आणि दीडशे फूट रुंद आहे, पण पन्नास मिलिमीटरच्या भिंगाला तेही अपुरे पडते. मागे सरता सरता पाठ कड्याला लागते तरी देऊळ चौकटीत मावत नाही. कन्येच्या फोनने मात्र एका दमात सगळे गिळले.

तेव्हा दोनच मार्ग उरतात. एक, तुकड्यावर समाधान मानायचे. देवळाचे जोते पाठीवर घेतलेल्या हत्तींपैकी एक निवडायचा, किंवा दक्षिण बाजूला कैलास हलवणारा रावण. दुसरा मार्ग म्हणजे बाजूच्या पायवाटेने डोंगर चढायचा. आई खाली बसली आणि आम्ही तिघे चढलो. वरून पाहिल्यावर शिखर आपल्या पायांखाली येते आणि ‘आधी कळस, मग पाया’ याचा अर्थ पुस्तकाशिवाय कळतो. भिंग तोकडे नसते तर मी हा चढ चढलो नसतो, हे खरे आहे.

दादांची वही इथे कामी आली. फिल्म स्वतः काहीच टिपून ठेवत नाही, म्हणून दादा प्रत्येक फोटोची नोंद करीत. ‘कैलास, दु. ३॥, १२५, ८.’ म्हणजे एकशेपंचविसावा सेकंद आणि आठ क्रमांकाचे छिद्र. खाली तांबड्या शाईत : ‘सुईचे ऐकू नये.’ कॅमेऱ्यातली प्रकाशमापकाची सुई मोठी भाबडी असते. तिला सारे जग मध्यम राखाडी वाटते. समोर वेरूळचा काळा दगड आला की तिला वाटते उजेड कमी पडला, आणि ती जास्त मागते. दिला, तर काळ्या पाषाणाचे देऊळ सिमेंटचे दिसते. म्हणून एक पायरी कमी उजेड द्यायचा. ही अक्कल यंत्रात नाही, वापरणाऱ्याने आणायची. बरे, ती सुई चालवणारी गोळीएवढी बॅटरी संपली तरी बाकीचा कॅमेरा चालूच राहतो; अंदाज येणाऱ्याचे काही अडत नाही.

दहाव्या, विश्वकर्मा लेण्यात सारा अंदाज पणाला लागतो. याला ‘सुताराचे झोपडे’ म्हणतात, कारण छताच्या दगडी फासळ्या थेट लाकडी वाशांसारख्या कोरल्या आहेत. स्तूपापुढे बुद्ध बसलेला. उजेड दारातून आणि वरच्या खिडकीतून येईल तेवढाच. तिपाई लावायची तर परवानगी लागते. मी भिंग पूर्ण उघडले, खांबाला खांदा टेकला, श्वास रोखला आणि पंधराव्या सेकंदावर कळ दाबली. रोलमधले पाच फोटो तिथे खर्ची पडले. फोनला त्या अंधाराचे काहीच वाटले नाही. रोल वेगवान असो की मंद, एकदा घातला की छत्तिसाव्या फोटोपर्यंत त्याच्याशी संसार करावा लागतो, ही जुन्या कॅमेऱ्याची खरी अडचण.

अडचणी आणखीही आहेत. रोल महाग झाले आहेत आणि परदेशातून येतात. उटीला १९६० साली स्थापन झालेली आपली हिंदुस्थान फोटो फिल्म्स केव्हाच बंद पडली. धुऊन देणारी दुकाने बोटांवर मोजण्याइतकी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात भिंगाला आतून बुरशी धरते. कॅमेऱ्याच्या पाठीला उजेड अडवणारा जो फोम असतो, त्याचा चाळीस वर्षांत चिकट गोळा होतो.

पण सर्वांत मोठी उणीव मला घरच्या अल्बमने दाखवली. के-१००० स्वस्त राहावा म्हणून त्यात स्वतःचा फोटो घेण्याची वेळ लावायची सोय ठेवलेली नाही. कळ दुसऱ्या कोणीतरी दाबलीच पाहिजे. आणि दादा तो कॅमेरा कोणाच्या हाती देत नसत. परिणाम असा की १९८३ ते २०००पर्यंतच्या आमच्या सगळ्या सहलींत आई आहे, मी आहे, मावशी आहे, दादा नाहीत. १९८४च्या वेरूळच्या फोटोत कैलासाच्या प्रवेशद्वारासमोर आई मला कडेवर घेऊन उभी आहे. ऊन पश्चिमेचे, दादांच्या पाठीवर. म्हणून खालच्या कोपऱ्यात, आईच्या पायांपर्यंत आलेली, दोन कोपरे वर उचललेली एक लांब सावली पडली आहे. एवढेच दादा.

निगेटिव्ह मात्र शाबूत आहे. आजही त्यातून हवा तेवढा मोठा प्रिंट निघतो. कन्येच्या पहिल्या पाच वर्षांचे फोटो ज्या फोनमध्ये होते, तो फोन एके दिवशी कायमचा डोळे मिटून बसला. त्याला कुठल्याही दुकानात औषध मिळाले नाही.

चौतिसावा फोटो झाल्यावर मी कॅमेरा कन्येच्या गळ्यात घातला. सुई कुठे आणायची, मधला ठिपकेदार गोल स्पष्ट कसा करायचा, हे तिला दोन मिनिटांत समजले. आई आणि मी त्याच प्रवेशद्वारासमोर उभे राहिलो. “आजी, हलू नका,” ती म्हणाली. आई म्हणाली, “अगं, मी कसली हलतेय? तुझा बाप हलतोय.”

पंधरा दिवसांनी रोल धुऊन आला. छत्तिसांपैकी दोन फोटोंच्या कडेला त्या कुजक्या फोममधून शिरलेल्या उजेडाचा तांबडा पट्टा होता. विश्वकर्म्याच्या पाचांपैकी एक साधला. कन्येच्या फोटोत माझ्या डोक्याचा वरचा भाग कापला गेला आहे, आई मात्र ठसठशीत आली आहे. खालच्या कोपऱ्यात एक छोटी सावली आहे. आईने तो प्रिंट अल्बममध्ये जुन्या फोटोशेजारी लावला आणि बराच वेळ दोन्ही सावल्या बोटाने मोजत बसली.

ज्यांच्या कपाटात असा कॅमेरा पडून असेल त्यांनी तो जरूर बाहेर काढावा. बॅटरी बदलावी, फोम नवा बसवून घ्यावा, भिंग उजेडात धरून बुरशी पाहावी. काम झाले की भिंगावर झाकण घालायला विसरू नये. के-१०००ला बंद करायचे बटण नाही, अंधार झाला की त्याची बॅटरी झोपते. धावणारी मुले, लग्नाची गर्दी, रात्रीचे दिवे यांना फोन बरा. हा कॅमेरा जागेवरून न हलणाऱ्या गोष्टींसाठी न्यावा : लेणी, किल्ले, घरातली म्हातारी माणसे. आणि दर रोलला शेवटचे दोन फोटो दुसऱ्याच्या हातून काढून घ्यावेत. ते थोडे अस्पष्ट आले तरी हरकत नाही.