शून्य निकाल

पीएच.डी.च्या आराखड्यात एक वाक्य हटकून सापडतं : ‘प्रस्तुत विषयावर आजवर कोणीही संशोधन केलेले नाही.’ विषय दूध संघांचा असो, दलित आत्मकथनांचा असो की जिल्हा परिषदेच्या शाळांचा, ‘संशोधनाचे महत्त्व’ या मथळ्याखाली हे वाक्य ठाण मांडून बसलेलं असतं. गाईडही सहसा त्याला हात लावत नाहीत. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेणं माझ्याकडे आहे. फलकावर ‘माहितीस्रोत, संदर्भलेखन व संशोधन नीतिमत्ता’ असं भारदस्त नाव असतं. खरं सांगायचं तर मी ती कार्यशाळा घेते ती या एका वाक्यासाठी.

विद्यार्थी येतात ते मात्र वेगळ्याच कारणासाठी. त्यांना दहा टक्क्यांची चिंता असते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याबाबतचे नियम 2018 साली आले. त्यानुसार प्रबंधातलं साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचा, 40 ते 60 मध्ये वर्षभर सादर करायला बंदी आणि 60 च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. त्यामुळे रक्तातली साखर विचारावी तसे विद्यार्थी एकमेकांना आकडे विचारत असतात. ‘माझं सतरा आलंय, मॅडम. सातवर कसं आणू?’ झेरॉक्सच्या दुकानांमध्ये हे काम करून देणारेही असतात. ते शब्द बदलतात, बाकी काही नाही. ‘शेतकऱ्यांच्या आत्महत्या’चं ‘कृषकांचे आत्मघात’ झालेलं मी वाचलं आहे. यंत्राचं समाधान झालं असेल, पण वाचणाऱ्याला हसावं की रडावं कळत नाही.

या भागाला मी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ देत नाही. अवतरणचिन्हांत घालून, नाव देऊन घेतलेला मजकूर मोजला जात नाही, संदर्भसूची मोजली जात नाही, सर्वसाधारण वापरातले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे सोडून दिले जातात, एवढं सांगितलं की निम्म्या जणांचा जीव भांड्यात पडतो. ज्याने स्वतः वाचून, स्वतःच्या वाक्यात लिहिलं आहे त्याला हा आकडा छळत नाही. उरलेल्यांना माझ्या अर्ध्या तासाने काही होणार नसतं.

मग मी प्रोजेक्टर बंद करते आणि सगळ्यांना शोधगंगा उघडायला सांगते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे प्रबंधांचं भांडार. 2009 च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक झालं, तेव्हापासून देशभरातले लाखो प्रबंध तिथे साठत गेले. मी म्हणते, आपापला विषय टाका. बहुतेक जण नोंदणीपत्रावरचं शीर्षक जसंच्या तसं, ‘समस्या’ आणि ‘चिकित्सक अभ्यास’ यांच्यासकट, चौकटीत टाकतात. उत्तर येतं : शून्य निकाल. आणि पाहण्यासारखी गोष्ट अशी, की शून्य पाहून चेहरे उजळतात. शेजारच्याला दाखवलं जातं. आपल्या विषयाला कोणी शिवलेलं नाही याची यंत्राने जणू पावतीच दिलेली असते.

एका खेपेला बीडकडची एक विद्यार्थिनी होती. तिने टाकलं होतं, ‘बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या आरोग्यविषयक समस्यांचा समाजशास्त्रीय अभ्यास’. अर्थातच शून्य. मी तिला विचारलं, तुमच्या गावात या लोकांना काय म्हणतात? ती सांगायला लागली आणि मी फळ्यावर लिहायला लागले. जोडप्याला कोयता म्हणतात. कोयते मिळून टोळी होते. मुकादम उचल देतो आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला. फडाजवळ कोप्या घालून राहायचं, उसाची वाढी विकून हातखर्च भागवायचा. फळा भरला. वर्गात पेंगणारेही सावरून बसले. यातला एकही शब्द तिने शोधात वापरलेला नव्हता, कारण तो विद्यापीठात चालणार नाही अशी तिची समजूत होती.

मग दुसरा प्रश्न. याच माणसांना बाकीचे लोक काय म्हणत असतील? सरकारी कागदात ‘ऊसतोडणी व वाहतूक कामगार’, वर्तमानपत्रात ‘ऊसतोड मजूर’. अर्थशास्त्रवाला हंगामी स्थलांतरित म्हणेल, म्हणजे इंग्रजीत शोधताना ‘सीझनल मायग्रेशन’. कायद्याचा माणूस उचलीकडे बघून कर्जापोटी वेठबिगारी म्हणेल. वैद्यकशास्त्रात शोधायचं तर गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचं इंग्रजी नाव हवं. बीडच्या ऊसतोड बायकांवर झालेल्या याच शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी 2019 मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्यामुळे शासकीय अहवाल ही आणखी एक वाट निघाली.

तिने ‘शुगरकेन’ आणि ‘सीझनल मायग्रेशन’ एकत्र टाकले आणि यान ब्रेमन हे नाव वर आलं. हा डच समाजशास्त्रज्ञ. बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला येणाऱ्या मजुरांवरचा त्याचा लेख 1978 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला होता. मजूर कुठले, तर खानदेशातले. म्हणजे माणसं महाराष्ट्रातली, साप्ताहिक मुंबईचं, आणि लेख या मुलीच्या जन्माच्याही आधीचा.

तिचा चेहरा पडला. ‘म्हणजे माझा विषय गेला?’

कार्यशाळेचा हा क्षण मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तो स्लाइडवर बसवता येत नाही. विषय गेलेला नव्हता. उलट आता कुठे हाताला लागला होता. ब्रेमनचा रोख मजुरीवर आणि कारखान्यांच्या व्यवहारावर, मुलूख दक्षिण गुजरातचा, काळ सत्तरच्या दशकातला. तिच्यासमोर बीडच्या बायका, त्यांची शरीरं आणि आजचे दवाखाने. या दोन्हींतलं अंतर तिला मोजता येणार होतं. लेखाच्या शेवटची संदर्भयादी तिला मागे नेणार होती आणि गूगल स्कॉलरवर लेखाखाली दिसणारी ‘साइटेड बाय’ची ओळ पुढे. एक खरा लेख सापडला की पुढचे वीस त्याच्या अंगाखांद्यावरून मिळतात, हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी विद्यार्थी ते वहीत लिहून घेतात. करतात थोडे.

शून्य येण्याची सगळी कारणं मात्र विद्यार्थ्यांकडे नसतात. मराठीत शोधणाऱ्याच्या वाट्याला काही खास शून्यं येतात. अनेक जुने प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. पडद्यावर अक्षर सुबक मराठी दिसतं, पण यंत्राच्या लेखी ती रोमन चिन्हांची खिचडी असते. कित्येक प्रबंध नुसतेच स्कॅन केलेले, म्हणजे पानांचे फोटो. शीर्षकांची नोंद कुठे देवनागरीत, कुठे रोमन लिपीत, आणि रोमनचा नियम ज्याचा त्याचा. ज्ञानेश्वर कुठे ‘डी’खाली सापडतात, कुठे ‘जे’खाली, कुठे ‘जी’खाली. युनिकोड आला म्हणून सुटलो असंही नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य टंकण्याच्या दोन पद्धती आहेत. डोळ्याला फरक दिसत नाही, पण शोधयंत्राला ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. शिवाय साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 मध्ये मान्य झाले. त्याआधीच्या छपाईत गावावर, नावावर अनुस्वार असायचे. ‘गाव’ शोधणाऱ्याला ‘गांव’ सापडेलच असं नाही. मी विद्यार्थ्यांना प्रत्येक मुख्य शब्दाचे चार-पाच अवतार कागदावर लिहून काढायला लावते. कंटाळवाणं काम आहे. त्यावर उपाय मात्र नाही.

आणि मग जी गोष्ट पडद्यावर नाहीच, तिच्याकडे वळावं लागतं. मी टेबलावर दात्यांची सूची ठेवते. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची सूची 1944 मध्ये प्रसिद्ध केली, आणि 1938 ते 1950 चा दुसरा भाग 1961 मध्ये. संगणक नाही, कोणती मोठी संस्था पाठीशी नाही. ग्रंथालयं पालथी घालून एका माणसाने केलेलं हे काम. मराठी घेऊन एम.ए. झालेल्यांतल्याही कित्येकांनी ती उघडलेली नसते. नियतकालिकांचं तर आणखी अवघड आहे. मराठीतला किती विचार मासिकांत आणि साप्ताहिकांत पडून आहे, आणि त्यातल्या फार थोड्या लेखांच्या सूची झाल्या आहेत. अशा ठिकाणी शून्याचा अर्थ एवढाच की त्या कपाटापर्यंत अजून कोणी सूचिकार पोचलेला नाही.

उदाहरण म्हणून मी ताराबाई शिंदे यांचं नाव घेते. ‘स्त्री-पुरुष तुलना’ 1882 साली पुण्यात छापलं गेलं. स. गं. मालशे यांनी ते 1975 मध्ये संपादित करून पुन्हा प्रसिद्ध केलं आणि तेव्हापासून स्त्रीवादावरचा मराठी प्रबंध त्या पुस्तकावाचून सुरू होत नाही. मधली 93 वर्षं ते पुस्तक नव्हतं का? छापलेलं तर होतं. मालशे जुन्या कागदांत बसणारे अभ्यासक होते म्हणून ते पुन्हा वर आलं.

साम्य तपासणाऱ्या प्रणालीतही एक शून्य भेटतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर तिथे टाकला की तिला ती रोमन खिचडीच दिसते, जुळणारं काही सापडत नाही आणि अहवाल निर्मळ येतो. विद्यार्थी खूश होऊन तो कागद घेऊन येतो. कोणी काही चोरलं आहे असं माझं म्हणणं नसतं. यंत्राने प्रबंध वाचलाच नाही, एवढंच मी दाखवते. ते कोणालाच आवडत नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत मामला उलटला आहे. विद्यार्थी चॅटजीपीटीला विचारतात, आणि त्याच्याकडे शून्य सहसा नसतंच. काहीही विचारा, दहा संदर्भ हजर. लेखकाचं नाव ओळखीचं, मासिकाचं नाव खरं, वर्ष पटण्यासारखं, पृष्ठक्रमांकसुद्धा. फक्त तो लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. देवघेव विभागात असे कागद घेऊन येणारे वाढले आहेत. माझे सहकारी बिचारे स्टॅकमध्ये जाऊन बांधीव अंक काढतात, त्या पानावर भलतीच कथा निघते, पुन्हा तपासतात. म्हणून अलीकडे मी कार्यशाळेत एक काम वाढवलं आहे. यंत्राने दिलेल्या यादीतली प्रत्येक नोंद ग्रंथालयात शोधून तिच्यासमोर ‘पाहिले’ किंवा ‘सापडले नाही’ असं लिहायचं. यंत्र वापरू नका असं मी म्हणत नाही. म्हटलं तरी कोण ऐकणार आहे? एका मुलाने तक्रार केली, ‘मॅडम, यात अख्खी दुपार गेली.’ जाऊ दे की.

ग्रंथपालाने असं बोलणं आमच्या शास्त्रात बसत नाही, हे मला माहीत आहे. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि 1931 मध्ये त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पुस्तकरूपाने आली. चौथं सूत्र आहे वाचकाचा वेळ वाचवा. काउंटरवर मी ते कसोशीने पाळते. पुस्तक हवं असलेल्या माणसाला ते झटपट मिळालं पाहिजे, त्यात दुमत नाही. पण ज्याला अजून काय हवं आहे हेच ठरवता आलेलं नाही, त्याचा थोडा वेळ घालवावाच लागतो. वाचवलेल्या वेळात तो जाऊन तेच वाक्य लिहील, ‘कोणीही संशोधन केलेले नाही’.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. विभाग विद्यार्थ्यांना माझ्याकडे पाठवतात ते प्रबंध सादर करायच्या तोंडावर, कारण साम्याचा दाखला तेव्हा लागतो. त्या वेळी चारशे पानं बांधायला गेलेली असतात आणि विषयाबद्दल बोलण्यात काही अर्थ उरत नाही. कोर्सवर्कमध्ये संशोधन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा पेपर आहे, त्यात ग्रंथालयाला एखादं व्याख्यान मिळतं, पण शंभर जणांसमोर कोणी आपला कच्चा विषय उघडा करत नाही. मी बऱ्याच बैठकांत हे मांडलं आहे. कार्यवृत्तात नोंद होते.

म्हणून शनिवारी दुपारी संदर्भ विभागात एक टेबल अडवून बसते. प्रोजेक्टर नाही, हजेरीपट नाही आणि प्रमाणपत्रही नाही. त्यामुळे गर्दी होत नाही. येतात ते नोंदणीच्या आधीच येतात. परवा परभणीकडचा एक मुलगा आला. विषय म्हणाला, ‘मराठवाड्यातील वाचनालये’. मी विचारलं, ‘कुठल्या काळातली? निजामाच्या राज्यातली, की 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतरची?’

‘तेच ठरवायला आलोय,’ तो म्हणाला आणि त्याने खुर्ची ओढून घेतली.