पोट्ट्याला सांग, आधी वॉर्डाचे तास विचार

प्रिय बेबी,



तुझं पत्र आलं आणि लगेच लिहायला बसले, कारण प्रवेशाची तारीख काही आपल्यासाठी थांबायची नाही. अंजनगावच्या तुझ्या पुतण्याला नीटमध्ये मार्क कमी पडले, एमबीबीएस हातचं गेलं, आणि आता कुणीतरी त्याला आरोग्य व्यवस्थापन आणि क्लिनिकल असिस्टन्स अशा लांबलचक नावाची पदवी सुचवली आहे. घरात सगळे तोंड पाडून बसलेत म्हणतेस. यात काही अर्थ आहे का गं, असं तू विचारलंस.

आहे, बाई. भरपूर आहे. माझा जन्म ऑपरेशन थिएटरात गेला, म्हणून एवढ्या ठामपणे सांगते.

सकाळी थिएटरात काय चालतं ते ऐक. भूलतज्ज्ञ यायच्या आत टेक्निशियन मुलगा भुलीचं मशीन तपासतो. ऑक्सिजनचा दाब बघतो, सक्शन नीट ओढतंय का ते बघतो, लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून पाहतो, वेगवेगळ्या मापांच्या नळ्या हाताशी काढून ठेवतो. मग ऑटोक्लेव्हमधून आलेले ड्रम. ड्रमवरच्या चिकटपट्टीच्या रेघा काळ्या झाल्या की नवशिक्याला वाटतं, झालं काम. नीट शिकलेला पोरगा तिथे थांबत नाही. ती पट्टी एवढंच सांगते की ड्रमला वाफ लागली. कपड्यांच्या घडीच्या पोटात वाफ पोचली की नाही, हे आत ठेवलेल्या इंडिकेटरवरून कळतं. तो काढून पाहिल्याशिवाय आमचा एक मुलगा कुणाला कपड्याला हात लावू देत नाही. रुग्णाला त्याचं नावही कधी कळत नाही, पण टाके पिकले नाहीत तर त्यात त्याचाही वाटा असतो.

त्यानंतर यादी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची एका पानाची यादी काढली. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी ती मोठ्याने वाचायची. नाव काय, ऑपरेशन कोणतं, बाजू कोणती, ॲलर्जी आहे का, मॉप मोजले का. जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात आपली दिल्लीही होती. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. औषध नवं नाही, यंत्र नवं नाही, फक्त शिस्त. पण ती यादी वाचणाऱ्याला मोठ्या सर्जनला “सर, एक मिनिट थांबा” म्हणता आलं पाहिजे. ती हिंमत ज्ञानातून येते, म्हणूनच मला या कामाला पदवी हवी वाटते.

आणि हे काम काही परवा निघालेलं नाही. तू अमेरिकेत राहतेस त्या रॅलेच्या शेजारी डरहॅम आहे ना, तिथल्या ड्यूक विद्यापीठात १९६५ मध्ये डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात रुग्णसेवा केलेल्या चार जवानांना घेऊन फिजिशियन असिस्टंटचा पहिला वर्ग सुरू केला. आपल्याकडे १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी हृदयशस्त्रक्रियेसाठी अशी मुलं घडवायला सुरुवात केली. महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पदवी आहे. भूल, थिएटर, क्ष-किरण, लॅब, रक्तपेढी अशा तिच्या शाखा. बारावी सायन्सनंतर तीन वर्षं अभ्यास आणि वर इंटर्नशिप.

व्यवस्थापनाचा भाग मात्र लोक हलका समजतात, आणि तिथेच आपल्या वऱ्हाडात रुग्णाचे हाल होतात. राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होती. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. योजना चांगली, पण कागद चोख लागतो. मागे धारणीकडून एक बाई आली. घाट उतरून परतवाडा, तिथून अमरावती, सोबत म्हातारा बाप. दोघांना कोरकूशिवाय दुसरी भाषा धड येत नव्हती. रेशन कार्डावर नाव एक, आधारवर दुसरं. सर्जन तयार, टेबल रिकामं, आणि मंजुरी अडकलेली. काउंटरवरच्या मुलीने आधी वॉर्डातून कोरकू बोलणारी आया बोलावली, बापाला खुर्ची दिली, मग नावाचा दाखला कुठून आणायचा ते समजावलं आणि डॉक्टरांकडून रिपोर्ट घेऊन अर्ज पुन्हा चढवला. बाईचं ऑपरेशन झालं. त्या मुलीला आजाराचं नावही कळत होतं आणि योजनेचा नियमही. अशी माणसं आम्हाला इथल्या इर्विन रुग्णालयापासून अकोल्याच्या सर्वोपचारपर्यंत सगळीकडे हवी आहेत.

आता कडू तेही सांगते. या पदवीवर स्वतःचा दवाखाना थाटता येत नाही, स्वतःच्या अधिकारात औषध लिहून देता येत नाही. खासगीत सुरुवातीचा पगार बेताचा असतो, रात्रपाळ्या चुकत नाहीत. डॉक्टर होता आलं नाही म्हणून मागच्या दाराने डॉक्टर व्हायचं मनात असेल, तर त्याने येऊच नये. मग माणूस कायम कुढत राहतो आणि रुग्णाकडे त्याचं लक्ष नसतं.

दुसरी भीती दुकानांची. गल्लोगल्ली पॅरामेडिकलच्या पाट्या लागल्या आहेत. चकचकीत माहितीपत्रक असतं, मागे रुग्णालय नसतं. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या क्षेत्रातले ५६ व्यवसाय यादीत घेतले आणि शिक्षणाचे तासही ठरवले. त्यात हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणवून घ्यायला पदवीचे किमान ३,६०० तास लागतात. तेव्हा त्याला म्हणावं, तीनच गोष्टी विचार. पदवी कोणत्या विद्यापीठाची? वॉर्डात प्रत्यक्ष किती तास? आणि ते रुग्णालय कुठलं, किती खाटांचं? उत्तर द्यायला कुणी घुटमळलं, तर बॅग उचलायची आणि निघायचं. वसतिगृह, एसी वर्ग, टॅब वगैरे काही ऐकू नको म्हणावं.

फी भरण्याआधी पोट्ट्याला एकदा माझ्याकडे पाठव. अंजनगावहून सकाळची एसटी धरली तरी चालेल. परवानगी काढून इंटर्नशिपच्या मुलांशी त्याची गाठ घालून देईन, त्यांना त्याने हवं ते विचारावं. आणि तुझ्या वहिनीला आजच फोन कर. पोराला कमीपणा वाटेल असं घरात कुणी बोलू नका म्हणावं.

तुझीच,
अमरावतीची मैत्रीण