खुराड्यातील लहान जखमा

पौड, ता. मुळशी
मृग नक्षत्र

चि. भाचीस,

पत्रास कारण की, कोळवण खोऱ्यातील घरी खुडूक कोंबडीखाली, म्हणजे अंडी देणे थांबवून उबवणीला बसलेल्या कोंबडीखाली, अंडी ठेवल्याची वार्ता पोहोचली. अंडे उबण्यास 21 दिवस लागतात, तेव्हा ही पिल्ले ऐन पावसात जन्मणार. आणि मुळशीत पावसाळी पिल्लांची निगा हा उन्हाळी पिल्लांच्या निगेहून वेगळा विषय आहे. ताम्हिणीच्या बाजूस वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेस पिरंगुटकडे येता येता त्याचा जोर पुष्कळ ओसरतो, तरी खुराड्याची जमीन महिनोन्‌महिने ओल धरून राहते, आणि पिल्लांची बहुतेक दुखणी या ओलीतूनच सुरू होतात.

रक्ती हगवण हे त्याचे ठळक उदाहरण होय. आतड्यात वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवीमुळे होणाऱ्या या रोगात विष्ठेतून रक्त जाते. परंतु विष्ठेबरोबर बाहेर पडलेली परजीवीची बीजे लगोलग घातक नसतात, ओल, ऊब आणि हवा मिळाली तर एक-दोन दिवसांत ती पक्व होतात व मग दाण्याबरोबर दुसऱ्या पिल्लाच्या पोटात जातात. म्हणून जमीन कोरडी ठेवणे हा औषधाच्या आधीचा उपचार ठरतो. तालुका भाताचा असल्याने गिरणीवर तूस सहज मिळते. त्याचा दोन-तीन इंचांचा थर पसरून तो अधूनमधून खालीवर करावा आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचा भिजलेला भाग रोज काढून टाकावा. पहिले काही दिवस पिल्ले तूसच टिपून खातात, म्हणून तेवढे दिवस त्यावर गोणपाट अंथरणे बरे. वर्तमानपत्राचा कागद मात्र टाळावा, कारण त्यावर पाय घसरून ते बाजूंना फाकतात. असे फाकलेले पाय मऊ कापडी पट्टीने, पिल्लाला उभे राहता येईल इतके अंतर राखून, एकमेकांस सैल जोडले, तर पहिल्या एक-दोन दिवसांत हाती घेतलेले पिल्लू बहुधा नीट चालू लागते. आठवडा उलटल्यावर हाडे घट्ट होत जातात आणि उपाय लागू पडत नाही.

मोठ्या कोंबड्यांच्या जखमेबाबत एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते, ती ही की कोंबडीची जखम तिच्या एकटीची नसते. कळपात कोणी कोणाला टोचावे याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ शेल्डेरुप-एब्बे यांनी 1920च्या दशकाच्या आरंभी तिचे शास्त्रीय वर्णन केले, परंतु खुराडे राखणाऱ्या घरधनिणींना ती त्याआधीही डोळ्यांनी ठाऊक असणार. लाल रंग दिसला की इतर कोंबड्या तेथेच टोचत राहतात, आणि तुऱ्यावरचा नखाएवढा ओरखडा संध्याकाळपर्यंत उघड्या मांसावर जातो. त्यामुळे रक्त थांबवणे हे पहिले काम आणि रक्ताचा डाग पुसणे हे तितकेच निकडीचे दुसरे काम. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुऊन हळदपूड दाबून धरावी आणि पक्षी डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या विणलेल्या मोठ्या टोपलीखाली, ठेवावा. डालगे मात्र कळपाच्या नजरेसमोर असावे; दृष्टीआड ठेवलेली कोंबडी परतल्यावर परकी ठरते, उतरंड नव्याने मांडली जाते आणि भरलेली जखम पुन्हा फुटते.

मुंगसाने किंवा मांजराने धरलेल्या कोंबडीची गोष्ट निराळी. बाहेर दोन बारीक छिद्रे दिसतात, आत मात्र दाताबरोबर गेलेली घाण राहते, आणि पावसाळ्यात माश्या बसून दोन दिवसांत जखमेत अळ्या पडतात. अशा वेळी पिसे बाजूला सारून मान व पाठ पूर्ण तपासावी, आणि हळदीवर विसंबून न राहता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्या अंदाजाने भरवणे हा उपचार नव्हे.

दुखणे उशिरा उमगते याचे कारण कोंबडीच्या वंशात आहे. पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून आली, पण सह्याद्रीच्या रानात आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याचाही अंश तिच्यात आहे. पिवळी कातडी देणारा जनुक त्याच्याकडून आल्याचे 2008 साली दाखवले गेले. रानात दुबळेपणा उघड करणारा पक्षी आधी मारला जातो, म्हणून आजारी कोंबडीही दिवसभर इतरांबरोबर उकरत असल्याचे सोंग वठवते. तिन्हीसांजेला खुराड्यात शिरल्यावर ती शांत होते. त्या वेळी प्रत्येक पक्षी हातात घेऊन तुरा, डोळे, पंखांखालची कातडी आणि तळपाय पाहावेत. गळ्याखालची अन्नपिशवी त्या वेळी भरलेली असली पाहिजे आणि सकाळी रिकामी. तुऱ्यावर कोरड्या खपल्या दिसल्या तर त्या टोचल्याच्या समजून खरवडू नयेत, कारण डासांमुळेही पसरणारा देवी रोग असाच दिसतो.

शेवटचा मुद्दा लसीचा, आणि तो एका घराचा नाही. राणीखेत, ज्याला मानमोडी म्हणतात, त्यात मान वळते, हिरवट हगवण लागते आणि अख्खे खुराडे रिकामे होते. त्यावर औषध नाही, पिल्लू आठवड्याचे होण्याच्या सुमारास डोळ्यात वा नाकात टाकायचा लासोटा लसीचा थेंब हाच आधार आहे, आणि पुढे ठरल्या वेळी पुन्हा लस द्यावी लागते. ही लस पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते. अडचण अशी की एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात, ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा-बारा पिल्लांसाठी कोणी ती फोडत नाही, आणि म्हणूनच वाडीवस्तीवरची पिल्ले लसीवाचून मरतात. यास्तव शेजारच्या घरांतील खुडूक कोंबड्या शक्यतो एकाच आठवड्यात बसवून, पिल्ले एकाच दिवशी एका ओसरीवर गोळा करण्याचे आतापासूनच बोलून ठेवावे. बर्फाची पेटी पौडहून पाठवली जाईल.

कळावे.
मावशीचे आशीर्वाद