चवदार तळ्याच्या काठी

यंदा २० मार्चला सहकुटुंब महाडला गेलो. एस.टी. स्टँडपासून निळे झेंडे घेतलेल्या लोकांबरोबर पायीच तळ्यावर पोहोचलो. पायऱ्यांवर बसल्यावर धाकटीने विचारले, "बाबा, तळे खुले करायचा ठराव आधीच झाला होता ना? मग मोर्चा कशाला?"

तिला सांगितले, बोले यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा १९२४ चा. पण पाणी काही मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह हजारो माणसे चालत आली, ओंजळीने पाणी प्याली. त्यापायी मार खाल्ला. तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, पालिकेने ठरावही फिरवला. डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आला. २५ डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली आणि पाण्याची लढाई समतेची झाली. पुढे दहा वर्षे कोर्टकचेरी चालली. १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

आमच्या वस्तीच्या नळाचा ठराव ग्रामपंचायतीत तीन वर्षे पडून आहे. तळ्याकडे बघत सौ. म्हणाली, "गावी गेल्यावर आम्ही सगळ्याजणी पंचायतीवर जाऊ. चालतच."

धाकटी म्हणाली, "मीपण येणार."