राहायचं कुठे, खायचं काय?



जुलैत आम्ही ऑक्सफर्डला जाऊन आलो. लेकीचा पदवीदान सोहळा होता. तिनं तिथं एका वर्षाचा अभ्यासक्रम केला, आता ती लंडनला नोकरी करते. पाहुण्यांचे तीन पास मिळाले. एक ह्यांचा, एक माझा, आणि तिसऱ्यावर लेकीनं कुणाला न विचारता आज्जीचं नाव घालून टाकलं. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. कंदमुळं नाहीत, दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब नाही, आणि पाणी गाळून उकळलेलंच. चातुर्मास लागायच्या आत परत आणायचं, या एका अटीवर त्या तयार झाल्या. बस्तीत जी भेटेल ती मला विचारायची, "अगं, त्या तिथं खाणार काय?"

मला त्या प्रश्नापेक्षा आधीचा प्रश्न छळत होता. राहायचं कुठे? कारण कुठे राहणार यावरच काय खाणार हे ठरतं.

हा प्रश्न माझ्या जुन्या ओळखीचा आहे. बारावीला मला चांगले गुण होते, पुण्याला प्रवेशही मिळत होता. वडिलांनी एवढंच विचारलं, "तिथं राहणार कुठं आणि खाणार काय?" मेसमध्ये कांदा-लसूण, रात्रीचं जेवण आठ वाजता. नात्यातलं एक घर होतं, पण कॉलेजपासून लांब. वडील रागावले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मी सांगलीत शिकले. मुलांसाठी कोल्हापूरला जैन बोर्डिंग होतं, माझे भाऊ तिथं राहिले.

असो. लेकीचा आग्रह होता, कॉलेजातच राहू. सुट्टीत विद्यार्थी घरी गेले की ऑक्सफर्डची बरीच कॉलेजं खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देतात. जुलै ते सप्टेंबर हा त्यांचा मोठा हंगाम. सकाळचा नाश्ता कॉलेजच्या भोजनगृहात, लांबच लांब लाकडी टेबलांवर, वर भिंतीवर जुन्या लोकांची तैलचित्रं. हॉटेलपेक्षा स्वस्त, आणि सोहळ्याच्या ठिकाणी चालत जाता येतं. खरं सांगते, मला मोह झाला. ज्या वयात वसतिगृहाची खोली मिळायला हवी होती तेव्हा मिळाली नाही, आता तीन रात्री तरी मिळेल असं वाटलं. मी खोल्यांचे फोटो रात्र रात्र बघितले.

पण जुन्या इमारतींत लिफ्ट क्वचित, जिने अरुंद आणि गोल, आणि सासूबाईंचे गुडघे सगळ्यांना ठाऊक आहेत. काही ठिकाणी न्हाणीघर सामाईक. खोलीत चहाची किटली असते, स्वयंपाक करू देत नाहीत. नाश्त्याला एकाच लांब टेबलावर अंडी, डुकराचं मांस आणि शेजारी टोस्ट. आपण टोस्ट घेऊ हो, पण त्या तिथं उभ्याही राहणार नाहीत. मी ती खिडकी बंद केली. हॉटेलचाही विचार फार केला नाही. मध्यवस्तीत एक हॉटेल तर जुन्या तुरुंगात आहे, 1996 पर्यंत तिथं कैदी होते. ह्यांना ते फार आवडलं. मी म्हटलं, पैसे देऊन कोठडीत झोपायची हौस तुम्ही एकटे कधीतरी भागवा.

म्हणजे चूल असलेलं घर हवं. मग प्रश्न आला कुठल्या भागात. मध्यवस्तीतली घरं परवडत नव्हती. काउली रोड परवडणारा, तिथं आपल्याकडच्या आणि पाकिस्तानी-बांगलादेशी लोकांची दुकानं, डाळी, मसाले, कोथिंबीर सगळं मिळतं. पण रात्री उशिरापर्यंत वर्दळ, आणि दुकानांत मांसही टांगलेलं. समरटाउन शांत आणि महाग. शेवटी हेडिंग्टन ठरलं. शहराच्या पूर्वेला टेकडीवर, मोठं रुग्णालय जवळ, त्यामुळे आपल्याकडच्या परिचारिका आणि डॉक्टर मंडळी तिथं बरीच. मुख्य म्हणजे हीथ्रोहून येणारी बस तिथूनच शहरात जाते, बॅगा आणि सासूबाई दोन्ही एकदाच उतरवायच्या. तळमजल्यावरचं घर घेतलं. बघताना मी पलंग नंतर बघितले, आधी स्वयंपाकघर.

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर माझ्या चुका ऐकून ठेवा. दुसऱ्याच्या भांड्यांत काय शिजलंय कुणास ठाऊक, म्हणून मी आपला छोटा कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, चमचे आणि पाणी गाळायचं फडकं नेलं. कुकर ॲल्युमिनियमचा. तिथं शेगडी इंडक्शनची! कुकर ढिम्म तापेना. संध्याकाळी धावत जाऊन स्टीलचं जाड बुडाचं पातेलं आणलं, तीन दिवस वरण पातेल्यात शिजवलं. तवा लोखंडी होता म्हणून वाचले. तूप इथून नेऊ नका, दूध-तुपाचे पदार्थ भारतातून त्या देशात न्यायला बंदी आहे, आणि तूप तिथल्या दुकानात सहज मिळतं. पाकिटांवर आपला हिरवा ठिपका नसतो, शाकाहारी असं लिहिलेल्या पदार्थात अंडं असू शकतं, कांदा-लसूण तर असतोच. आणि फोडणी देण्याआधी खिडकी उघडा. मी मोहरी टाकली आणि छतावरची घंटा अशी कोकलायला लागली की हे टॉवेल घेऊन तिला वारा घालत बसले.

पहिल्या दिवशी आम्ही शेजारच्या गल्लीतून फिरत होतो. सासूबाई एकदम थांबल्या. एका घराच्या छपरात भलामोठा मासा डोकं खुपसून उभा, शेपूट आभाळात. "अगं बाई, हे काय?" लेकीनं सांगितलं, तो शार्क फायबरचा आहे. घरमालकानं 1986 साली, नागासाकीवर अणुबॉम्ब पडला त्या तारखेला बसवून घेतला. आभाळातून अचानक घरावर काही कोसळलं की कसं वाटतं ते दिसावं म्हणून. सासूबाई बराच वेळ वर बघत राहिल्या. मग रोज बसथांब्याकडे जाताना म्हणायच्या, "त्या माशाच्या वाटेनं जाऊया."

खरी गंमत संध्याकाळची. जुलैत तिथं सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो. आपल्या हिशेबानं दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं आधी जेवायचं, तरी साडेआठपर्यंत सवड. मी आनंदात होते, निवांत फिरू, मग जेवू. सासूबाईंनी साडेसहाला पान मांडायला लावलं. म्हणाल्या, "दिवस मावळला न्हाई हे सूर्याला. माझ्या पोटाला कसं कळंल?" जेवून उन्हातच झोपल्या, पडदे ओढून.

सोहळा शेल्डोनियन नावाच्या गोल इमारतीत. 1669 साली पुरी झालेली, क्रिस्टोफर रेन यांनी बांधलेली. बसायची बाकं लाकडी आणि कडक, पाठीला आधार नाही, उशी न्या. सगळं लॅटिनमध्ये. सासूबाई कानात म्हणाल्या, "आपल्या पंडितांसारखंच आहे, कळत न्हाई पण बरं वाटतंय." मुलं एकदा आत येतात, बाहेर जातात आणि पदवीचा झगा घालून परत येतात. लेक परत आली तेव्हा मला नीट दिसलीच नाही.

समोरच्या रस्त्यापलीकडे बोडलियन ग्रंथालयाची इमारत. त्या ग्रंथालयात जैन हस्तलिखितंही आहेत. आणि आचारांग व कल्पसूत्राचं हर्मन याकोबींनी केलेलं इंग्रजी भाषांतर 1884 साली याच ऑक्सफर्डच्या छापखान्यातून निघालं. आपली दिगंबर परंपरा ते आगम मानत नाही हे खरं, पण सासूबाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांनी रस्त्यावरूनच इमारतीला हात जोडले.

दुपारी समरव्हिल कॉलेजवरून गेलो. लेक म्हणाली, आपल्या नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1889 साली इथं आल्या. 1892 ला कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी हातात पडली 1922 ला, कारण 1920 पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. आणि हे कॉलेज 1879 मध्ये उघडलं ते बायकांना राहायला जागा म्हणून. व्याख्यानं दुसरीकडे, इथं फक्त राहणं-जेवणं. मी फाटकाशी जरा थांबले. हे म्हणाले, फोटो काढू का? नको म्हटलं.

शेवटच्या संध्याकाळी भाकरी आणि दोडक्याची भाजी केली. खाताना लेक एकदम बोलली. "आज्जी, एक सांगू? डिसेंबरात इथं चारच्या आत दिवस मावळतो. माझे तास सहापर्यंत. पहिले पंधरा दिवस मी उपाशी झोपले. मग रात्री जेवायला लागले. सामाईक स्वयंपाकघर होतं, माझं पातेलं मी खोलीत कपाटात ठेवायचे. मांस खाल्लं नाही, अंडं नाही. पण रात्रीचं जेवले."

वर्षभर मी तिला रोज विचारत होते, जेवलीस का. कधी जेवलीस हे कधी विचारलं नव्हतं. माझा घास तसाच राहिला. ह्यांनी पाण्याचा पेला उचलून परत ठेवला.

सासूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. म्हणाल्या, "पंधरा दिवस उपाशी? आणि आईला कळवलं न्हाईस?" मग थोड्या वेळानं, "दुपारचा डबा नेत होतीस का? दोन भाकऱ्या जास्त न्यायच्या. दिवस मावळायच्या आत खाऊन घ्यायचं." लेक हसली, डोळे पुसत. "आज्जी, वर्गात?" "मग काय झालं? देव काय बाकाखाली बघत न्हाई." बाहेर लख्ख ऊन होतं, साडेसहा वाजले होते.

सकाळी सामान भरताना पोळपाट सापडेना. सगळी कपाटं उघडून बघितली. ते लेकीच्या पिशवीत होतं, झग्याच्या घडीखाली. मी पिशवीची चेन लावून टाकली.