धारेची वेळ

म्हैस पान्हवली की हाताशी जेमतेम काही मिनिटं असतात. तेवढ्यात धार काढून झाली नाही तर ती दूध चोरते; मग कितीही चुचकारा, उपयोग नाही. पुढं कॉलेजात वाचलं, की ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं, कासेतल्या बारीक पेशी आवळल्या जातात आणि दूध खाली येतं. जनावर बुजलं की हे सगळं अडतं. आईला यातलं नाव एकही ठाऊक नव्हतं. ती धारेला रोज तीच विटकी साडी नेसायची, कारण नवा रंग दिसला की आमची चंदी म्हैस पाय झाडायची.

करवीर तालुक्यातलं आमचं गाव. गोठ्यात म्हशी पंढरपुरी, अंगानं हलक्या, शिंगं तलवारीसारखी खांद्यामागं गेलेली. दोघींना गव्हाणीवर जवळ बांधायची सोय नाही, मान वळवली की शिंगात शिंग. मुऱ्ह्याएवढं दूध त्या देत नाहीत, पण उन्हाळा काढतात आणि उसाचं वाडं, कडबा यांवर भागवतात. दिवाळी पाडव्याला त्यांच्या शिंगांना रंग लागे, गळ्यात घुंगरं चढत. कोल्हापुरात त्या दिवशी म्हशी सजवून मिरवतात, पळवतात. सगळा रस्ता त्यांचाच असतो.

पहाटे रेडकू सोडायचं काम माझं. ते कासेला दोन ढुशा देई, चारही सडांवर तोंड फिरवी, ओठांवर फेस येई. पान्हा उतरला की दावं धरून त्याला ओढायचं. एवढ्याशा जिवात केवढं बळ! खुरं जमिनीत रोवून ते मागं रेटायचं, आणि तिकडं चरवीत पहिली धार वाजायची. रेडी असेल तर तिच्यासाठी एक सड राखला जाई, ती उद्याची म्हैस. रेड्याच्या वाट्याला थोडकंच येई. शेतीला बैल होते, पुढं ट्रॅक्टर आला. रेड्याला काम नव्हतं. काही आठवड्यांत त्याचं दावं रिकामं झालेलं असे आणि घरात त्यावर कुणी अक्षर काढत नसे. घट्ट सायीच्या, खरवसाच्या आठवणी मलाही आहेत, पण ते रिकामं दावं वगळून त्या सांगणं मला खरं वाटत नाही.

उजाडता उजाडता किटली घेऊन डेअरीत. ओळीत उभं राहायचं, नमुना द्यायचा. काचेच्या नळीत गंधकाम्ल, त्यावर दूध आणि थोडं अल्कोहोल. नळ्या यंत्रात गरगर फिरत आणि फॅटचा आकडा हाती येई. ॲसिडचा तो वास अजून ओळखता येतो. गावातून दूध जिल्हा संघाकडं जाई. 1963 साली उभा राहिलेला हा संघ, म्हणजे सगळ्यांचं 'गोकुळ'. उसाचं बिल कधी येईल याचा भरवसा नसे. दुधाचं दर दहा दिवसांनी येई. आमच्या वह्या, ताईचं लग्न, आजीचं औषधपाणी, सगळं त्या दहा दिवसांच्या पैशावर पार पडलं. सहकारानं खेड्यातल्या घरात खेळता पैसा आणला, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

फॅटपलीकडचं मात्र त्या यंत्राला कळत नव्हतं. आई आधी दोन धारा वेगळ्या वाटीत काढून दिव्याखाली धरी. बारीक गाठी दिसल्या किंवा सड कोमट लागला, की ती म्हणे, "दगडी होतीया हिला, डॉक्टरला सांगा." तिचा हात क्वचितच चुकला. वैरण, शेण, धार, आजारपण सगळं तिच्याकडं, आणि दूध संस्थेच्या वहीत सभासद म्हणून नाव वडिलांचं, आबांचं. गावातल्या बहुतेक घरांत असंच होतं. याची मला आज चीड येते.

आता भावानं धारेचं यंत्र आणलंय. बरं केलं, आईची बोटं सांध्यांत धरतात. तरी यंत्र लावण्याआधी म्हशीच्या पाठीवर हात फिरवायला तीच जाते. आबा गेल्यावर भावानं सभासदत्व तिच्या नावावर करून घेतलं. पहिलं बिल तिच्या खात्यावर जमा झालं तेव्हा मी मुद्दाम फोन केला. रकमेचं ती काहीच बोलली नाही. म्हणाली, "पेंडीचं जास्त कापल्यात. उद्या जाऊन विचारते."